वन्सं आणि बंदूकवालं बांडगूळ

ऑगस्ट लागला की आमच्या वन्सं बागेत जाताना पोहायचा चष्मा लावतात. डोक्याला आंघोळीची प्लास्टिकची टोपी, अंगात गुडघ्यापर्यंत पिवळा रेनकोट, हातात लांब दांड्याची करवत. वर आकाश निळंशार, ढगाचा पत्ता नाही, आणि आमच्या डोंगरात पोहायचं म्हटलं तर डबकंसुद्धा नाही. नवीन पोस्टमननं त्यांना पहिल्यांदा अशा वेशात पाहिलं तेव्हा तो आमची पत्रं शेजारच्या पेटीत टाकून निघून गेला.

मी एकदा भीत भीत म्हटलं, "वन्सं, लोक बघतात."

"बघू देत. युद्धावर कुणी पैठणी नेसून जातं का?"

हे युद्ध बांडगुळाशी आहे.

आपल्याकडे आंब्यावर बांडगूळ येतं ते तुम्ही पाहिलं असेल. जाड पानांचं, हिरवंगार, वर केशरी फुलं. झाडाचं रक्त पितं, पण दिसायला तरी बरं असतं. इथल्या, अमेरिकेतल्या पाइनवरचं बांडगूळ बघाल तर तुम्हाला त्याची कीव येईल. बोटाएवढ्या पिवळट काड्या, पान नाही, नजरेत भरेल असं फूल नाही. कुणीतरी मेथी निवडून देठं झाडाला चिकटवली असं वाटतं. पण उन्हाळा सरता सरता त्याची इवलीशी फळं टरारून फुगतात आणि एक दिवस फट्‌! आतली बी हायवेवरच्या गाडीसारखी सुटते, कुंपण ओलांडून पलीकडच्या झाडावर जाऊन आपटते आणि चिकटून बसते. मग कितीतरी वर्षं सालीच्या आत गुपचूप राहते. झाडालाही कळत नाही आपल्या घरात कोण राहायला आलंय.

"आपलं बांडगूळ गरीब," वन्सं प्रत्येक पाहुण्याला चहाआधी समजावून सांगतात. "पक्ष्याच्या पोटातून, त्याच्या मर्जीनं जाणार. हे अमेरिकन आहे. बंदूक घेऊनच जन्माला येतं."

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. आख्ख्या घराण्यात एकच डोकं हुशार निघालं, ते यांचं. डॉक्टर झाल्या, इकडे आल्या आणि डेन्व्हरच्या एका हॉस्पिटलात रिटायर होईपर्यंत पॅथॉलॉजिस्ट होत्या. म्हणजे माणसाचा तुकडा काचेवर घ्यायचा, मायक्रोस्कोपमधून बघायचा, काय आहे ते लिहायचं आणि खाली सही करायची. माणूस बघायचा नाही. लग्न केलं नाही. "घरात अजून एक नमुना कशाला?" म्हणाल्या. शहरापासून वर डोंगरात हे घर घेतलं, कारण इथं माणसं कमी आणि झाडं जास्त. पुढे त्यांनी कागदपत्रं करून धाकट्या भावाला आणि मला बोलावून घेतलं आणि खालच्या मजल्यावर जागा दिली. हे डोंगराखालच्या इंडियन दुकानात कामाला लागले. मी वर वन्संच्या स्वयंपाकघरात. या उंचीवर डाळ शिजत नाही, भात दाताखाली कचकचतो, आणि वन्संना तोंडावर खरं बोलायची सवय. पहिल्या दिवशी मी उपमा केला आणि विचारलं, "कसा झालाय?"

"तीन," वन्सं म्हणाल्या.

मला वाटलं आणखी तीन चमचे वाढ म्हणतायत. मी वाढला.

मग कळलं की ते मार्क होते. बांडगुळाचे मार्क द्यायची एक पद्धत आहे, झाडांचे सरकारी लोकही तीच वापरतात. झाडाचे मनातल्या मनात तीन भाग करायचे. वरचा, मधला, खालचा. भागात बांडगूळ नसेल तर शून्य, थोडं असेल तर एक, जास्त असेल तर दोन. तिन्हींची बेरीज करायची. शून्य म्हणजे झाड ठणठणीत. सहा म्हणजे संपलं. परीक्षेच्या उलट. इथं जास्त मार्क मिळाले की नापास.

झाडांपुरतं ठीक होतं. पण हातात फूटपट्टी आल्यावर वन्सं झाडांवर थांबणाऱ्यातल्या नाहीत. डेन्व्हरच्या गणपतीला आरतीनंतर कुलकर्णी काकांनी माइक हातात घेतला आणि मराठी माणसानं अमेरिकेत काय मिळवलं यावर बोलायला लागले. प्रसाद थंड झाला तरी मिळवणं चालूच. वन्सं माझ्या कानाशी वाकल्या.

"वरचा भाग दोन. डोक्यात सगळीकडे पसरलंय. मधला दोन, ते पोट बघ. खालचा शून्य. पाय चांगले आहेत, म्हणून तर माइकपर्यंत चालत गेला. कर बेरीज."

"चार," मी पुटपुटले.

"चार म्हणजे अजून बरीच वर्षं बोलणार."

मला चारचौघांत हसायची लाज वाटते. मी पदरात तोंड खुपसून खोकल्यासारखं केलं, तर बाजूच्या काकूंनी मला पाणी आणून दिलं.

'कर बेरीज' हे त्यांचं पालुपद. आणि शिवी म्हणाल तर एकच, बांडगूळ. पक्ष्यांचे दाणे खाणारी खार बांडगूळ. दुसऱ्या चहानंतरही न उठणारा पाहुणा बांडगूळ. दर आठवड्याला फोन करून घराच्या छपराची चौकशी करणारा कंपनीचा माणूस बांडगूळ. त्याला तर त्या मराठीतच सांगतात, आणि तो म्हणतो, "यू टू, मॅम."

पण या शिवीवर खरा मालकी हक्क आमच्या ह्यांचा. भावाला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. "ए बांडगुळा, जेवायला चल." "बांडगुळा, गाडी धुतलीस का?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, आपण यांच्या घरात राहतो, यांचं खातो, आता बॅगा भरायच्या. मी ह्यांच्याकडे बघितलं तर हे मजेत खुर्चीत पाय हलवत होते. संध्याकाळी दुकानातून येताना दारातूनच ओरडायचे, "अक्का, तुझं बांडगूळ कोथिंबीर घेऊन आलंय!"

"दोन जुड्या आणल्यास का?"

"एकच. बांडगूळ आहे मी, हमाल नाही."

बहीणभावांचं ते लाडाचं बोलणं होतं हे मला समजायला पहिला हिवाळा जावा लागला.

मला मात्र वन्संनी कधी नंबर दिला नाही. एकदा धीर करून विचारलंच. त्या म्हणाल्या, "तू झाड आहेस की बांडगूळ, ते आधी ठरव. मग बघू." अजून ठरवतेय.

ऑगस्टच्या मोहिमेत मात्र मला कामं असतात. कुंपणाला जुन्या पांढऱ्या चादरी बांधायच्या, म्हणजे उडून आलेल्या बिया त्यावर दिसतात. मग वन्सं भिंग घेऊन चादर वाचत जातात, लोक पेपर वाचतात तशा. एकदा चादरी कमी पडल्या तर मला म्हणाल्या, "इंदू, तू इथं उभी राहा. तुझ्या केसांना तेल आहे, सॅम्पल छान चिकटेल." आणि खरंच चिकटलं. ती बी केसांतून निघता निघेना. शेवटी वन्संनी त्यांच्या छोट्या कात्रीनं बट कापली. वर म्हणाल्या, "मार्जिन क्लिअर आहे, कडेला काही उरलं नाही. घाबरू नकोस."

एका ख्रिसमसला शेजारच्या डेबीनं आम्हाला घरी बोलावलं. डेबी आमच्या कुंपणाच्या पलीकडे राहते. गोल चेहऱ्याची, सदा हसरी बाई आहे. तिचा नवरा रिक दारात मावत नाही एवढा मोठा. आत शिरताना वन्सं उंबऱ्यावरच थबकल्या. वर चौकटीला लाल रिबिनीनं एक हिरवी जुडी टांगली होती, पांढऱ्या मण्यांची.

"इंदू, मागे हो," वन्सं म्हणाल्या.

मला वाटलं साप. वन्संनी पर्समधून रबरी हातमोजा काढला. तो त्यांच्या पर्समध्ये असतोच. खुर्ची ओढली, वर चढल्या, जुडी काढली आणि झिपलॉक पिशवीत बंद केली. मग डेबीला म्हणाल्या, "तुझ्या दारात बांडगूळ लावलंय कुणी तरी. पोलिसांना सांगणार आहेस का?"

डेबी हसून हसून लाल झाली. रिकनं येऊन समजावलं की ही जुनी प्रथा आहे, मुद्दाम टांगतात, आणि याच्याखाली जे भेटतील त्यांनी एकमेकांचा मुका घ्यायचा.

"अंडर अ पॅरासाइट?" वन्सं म्हणाल्या.

"येस, मॅम," म्हणत रिकनं त्यांच्या गालाचा मोठ्ठा मुका घेतला.

वन्सं खुर्चीवर तशाच उभ्या. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "बघितलंस? फट्‌ करून चिकटलं."

माझ्या हातातली ताटली पडली. त्या दिवशी मला पदर पुरला नाही.

याच डेबीची दोन झाडं वन्संनी पाडायला लावली. एकाला पाच, दुसऱ्यालाही पाच. त्या दोन झाडांच्या मध्ये रिकचा झोपाळा बांधलेला असायचा, जाळीचा, आणि त्यात रविवारी रिक. डेबी रडायला आली. वन्सं अजिबात हलल्या नाहीत. "डेबी, हे झाड नाही. ही तोफ आहे. इथून गल्लीतल्या प्रत्येक झाडावर नेम आहे." झाडं गेली, झोपाळा गॅरेजमध्ये गेला, रिक सोफ्यावर गेला. अशी वन्संनी सगळी गल्ली साफ केली. कुणाचं तीन, कुणाचं पाच. जिथं नुसत्या फांद्या छाटून भागलं तिथं फांद्या, नाही तर बुंध्यापासून. लोक कुरकुरले, पण ऐकलं. कारण वन्संच्या तोंडून निघालेला नंबर कधी चुकला नव्हता, आणि कुणाच्या तोंडाकडे बघून बदललाही नव्हता.

मग डेबीनं कुंपणालगत तीन छोटी पाइनची रोपं लावली. गुडघ्याएवढी. रोज संध्याकाळी पाइपनं पाणी घालायची आणि त्यांच्याशी बोलायची.

आता अडचण अशी होती की आमच्या दारातही एक झाड आहे. म्हणजे होतं.

डेकला, म्हणजे घराबाहेरच्या लाकडी ओट्याला लागूनच पाइन होती. गल्लीतली सगळ्यांत म्हातारी. केशरी साल, आणि दुपारचं ऊन पडलं की सालीला व्हॅनिलाचा वास यायचा. वन्सं पाहुण्यांना बुंध्याला नाक लावायला लावायच्या. तिच्याच सावलीत त्या रोज सकाळी चहा प्यायच्या. आणि तिच्या मधोमध एका फांदीचा असा गुंता झाला होता की गवताची गंजीच कुणी वर ठेवलीय वाटावं. बांडगूळ मुरलं की फांद्या अशा वेड्यासारख्या फुटतात. रस्त्यावरून जाणाऱ्या आंधळ्यालाही दिसला असता. वन्संना मात्र दिसत नव्हता.

आधी म्हणाल्या, "तीन." पुढच्या वर्षी, "तीन, थोडं वर." मार्कांत 'थोडं वर' असं काही नसतं हे मलाही माहीत होतं.

गेल्या जूनमध्ये डेबी झुकिनीचा ब्रेड घेऊन आली. डेकवर बसली. मी चहा आणला. डेबीनं वर बघितलं, मग तिच्या रोपांकडे, मग हळूच विचारलं, "डॉक्टर, तुमची ही मोठी. हिचा नंबर काय?"

वन्संनी झाडाकडे बघितलंच नाही. ब्रेडकडे बघत म्हणाल्या, "फोर."

"फोर चालतं?"

"फोर वॉच करतो आपण."

"थँक गॉड," डेबी म्हणाली. "माझी बाळं बरोब्बर हिच्याखाली आहेत ना. ऑगस्टमध्ये उडायला लागलं तर तिन्ही गेली."

मी ट्रे धरून उभी होते. इतक्या वर्षांच्या सवयीनं माझे डोळे आपोआप वर चढले. खालचा भाग, दोन. मधला, दोन. शेंड्याकडे गेले, तर तिथंही फांदी फांदी पिवळ्या काड्यांनी भरलेली. बेरीज करायला कुणी सांगितलं नव्हतं, पण झाली. सहा.

वन्संनी खोटा रिपोर्ट दिला होता.

मी ट्रे घेऊन आत गेले आणि उगाच धुतलेली भांडी परत धुतली.

त्यानंतर वन्संचं जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. दुर्बीण घेऊन झाडाभोवती फिरायच्या. "इंदू, इकडे ये. इथून बघ. इथून पाच दिसतं का?"

"वन्सं, झाड तेच आहे."

"अँगल वेगळा आहे!"

एकदा गॅरेजच्या छपरावर चढल्या आणि तिथून साडेचार काढून उतरल्या. मग चक्क जंगल खात्याच्या ऑफिसमधल्या माणसाला दुसरं मत द्यायला बोलावलं. ज्या बाईनं आयुष्यभर दुसरं मत मागणाऱ्या डॉक्टरांचे फोन आपटले, तिनं! तो सज्जन माणूस आला, टोपी मागे करून वर बघितलं आणि म्हणाला, "मॅम, सिक्स. तुम्हाला मी काय सांगणार?"

तो गेल्यावर वन्सं म्हणाल्या, "नवीन आहे. बांडगूळ."

कुलकर्णी काकांचा फोन आला. बातमी डेन्व्हरपर्यंत गेली होती. "काय हो डॉक्टर, दुसऱ्यांची झाडं पाडताना हात नाही कापला, आणि स्वतःच्या दारातलं म्हटल्यावर—" वन्संनी फोन ठेवून दिला. नुसता ठेवला. आपटला नाही, मार्क दिले नाहीत. तेव्हा मला जरा काळजी वाटली.

जुलै सरत आला. फळं फुगायला लागली. पलीकडून डेबी पाइप घेऊन हात हलवायची, "हाय, डॉक्टर!" आणि वन्संनी डेकवर चहा प्यायचं सोडून दिलं. मागच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून प्यायला लागल्या.

एका संध्याकाळी मी चहा तिथं नेला. मी कुणाला काही विचारणारी बाई नाही. दुकानात सुद्धा किंमत विचारायला लाजते. पण कप ठेवताना तोंडातून गेलं, "वन्सं, डेबीला चार का सांगितलंत?"

मला वाटलं आता कप अंगावर येतो. त्या भिंतीकडेच बघत होत्या.

"काचेवरचं सांगायला काही लागत नाही, इंदू. तुकडा असतो, नाव असतं, सही ठोकायची. रोज समोर बसून चहा पितो त्याला कसं सांगायचं ते मला कुणी शिकवलंच नाही." मग म्हणाल्या, "वसंतालाही चारच सांगितलं होतं."

वसंता म्हणजे आमचे हे. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली.

मी खाली बसले.

"स्लाइड मी बघितली होती," वन्सं म्हणाल्या. "हॉस्पिटलात, माझ्याच जुन्या खोलीत, माझ्याच मायक्रोस्कोपवर. काही शंकाच नव्हती. खाली आले तर हा गाडीत बसून कचोरी खात होता. म्हणाला, 'अक्का, सहापैकी किती?' त्यालाही तीच सवय लागली होती ना. आणि मी म्हटलं, 'चार. वॉच करू.' तो म्हणाला, 'म्हणजे आपण अजून चिकटून बसणार.' सहा सांगितलं असतं तर गावाला जाऊन आला असता. तुला घेऊन कुठं तरी फिरला असता. मी त्याचा वेळ खाल्ला. लोकांना बांडगूळ बांडगूळ म्हणते, खरं तर—"

"वन्सं," मी म्हटलं, "त्यांना कळलं होतं."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"त्याच दिवशी. तुम्ही घरी आल्यावर त्यांच्यासाठी गाडीचं दार उघडलंत. जेवताना 'वसंता, अजून भात घे' म्हणालात. वसंता म्हणालात, वन्सं! दिवसभरात एकदाही बांडगूळ म्हणाला नाहीत. खाली आल्यावर मला म्हणाले, 'इंदे, अक्का आज गोड बोलतेय. माझं काही खरं नाही.'"

"गाढव," वन्सं म्हणाल्या.

"गावाला नव्हतं जायचं त्यांना. म्हणाले, तिकडे सगळे रडत बसतील. मला इथंच अक्काच्या शिव्या खात बसू दे. पण तुम्ही शिव्याच देईनात. दुसऱ्या दिवशीही गोड. म्हणून मग त्यांनी ओला टॉवेल तुमच्या खुर्चीवर टाकला. तुम्ही गुपचूप उचललात. तिसऱ्या दिवशी तुमच्या भिंगानं उन्हात कागद जाळला, तेव्हा तुम्ही एकदाच्या ओरडलात. त्या दिवशी पोटभर जेवले बघा."

वन्संनी कप उचलला, परत ठेवला. मग म्हणाल्या, "आणि तू इतकी वर्षं गप्प?"

"त्यांनी सांगितलं होतं. म्हणाले, तिला आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलायला जमलंय, तिचा विरस करू नकोस."

वन्संच्या नाकातून एक आवाज आला. हसू होतं की दुसरं काही, मी बघितलं नाही. गार झालेला चहा त्यांनी एका घोटात संपवला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "साखर दोन. आलं शून्य. कसला चहा आहे हा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सपाता घालून, केस न विंचरता, त्या डेबीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी मागे. डेबीनं दार उघडलं.

"सिक्स," वन्सं म्हणाल्या. "मी खोटं बोलले."

"आय नो, डॉक्टर," डेबी म्हणाली. "बेरीज तुम्हीच शिकवलीत ना."

"मग बोलली का नाहीस?"

डेबीनं खांदे उडवले. "म्हटलं, तुम्हाला थोडा वेळ हवा असेल."

वन्सं माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "या जगात माझं खोटं कुणाला खरं वाटतं का, ते एकदा सांगून टाका मला."

झाड पाडणारे लोक ऑगस्ट लागायच्या आत आले. दोन माणसं, ट्रक, दोरखंड. मोठ्या दाढीचा एक जण शिडी लावून मोजमाप घेत होता. मला वाटलं आता वन्सं बाहेर येणार आणि दोरी कशी बांधायची इथपासून त्यांना शिकवणार. त्या आल्या, पण धुतलेली साडी नेसून. या देशात मी त्यांना साडीत फक्त गणपतीला बघितलंय.

दाढीवाल्यानं मशीन चालू केलं. वन्संनी हात वर केला. त्यानं बंद केलं.

वन्सं झाडाजवळ गेल्या. बुंध्यावर तळहात ठेवला. आधी घसा साफ करून इंग्रजीत सुरू केलं, रिपोर्ट वाचतात तसं. दोन शब्दांवरच अडल्या. मग मराठीत बोलायला लागल्या, इतक्या हळू की मला अर्धंच ऐकू आलं.

"…सहा आहे, बाई. आधी चार म्हटलं, ते माझं चुकलं…"

दाढीवाला माझ्याजवळ येऊन कुजबुजला, "मॅम, काय बोलतायत त्या?"

माझं इंग्रजी दुकानाच्या दारापर्यंतच जातं. मी म्हटलं, "रिपोर्ट. शी टेलिंग रिपोर्ट. टू पेशंट."

मला वाटलं हसेल. त्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि छातीशी धरलं. मग ट्रकमधल्या जोडीदाराला हातानं खूण केली, तसं ट्रकचं इंजिनही बंद झालं.

डोंगरात एकदम शांत झालं. कुंपणापलीकडे डेबी पाइप धरून उभी होती, पाणी तिच्या बुटांवर पडत होतं. वन्संना बरंच काही सांगायचं होतं. आम्ही सगळे थांबलो.